डागाचा पत्ता

मोठ्या आकाराची छायाचित्रं छापताना सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी रिकामं आभाळ म्हणते. गर्दी छापणं सोपं असतं. वारीची वाट, भाजीबाजार, लग्नाचा मांडव अशा चित्रात कागदाचं काही चुकलं तरी ते तपशिलांच्या दाटीत मिसळून जातं. पण जिथे काहीच घडत नाही, नुसता एक फिका राखाडी रंग इकडून तिकडे उजळत गेला आहे, तिथे कागदाला आडोसा नसतो.

याचं कारण इंकजेट छपाईच्या मुळाशीच आहे. यंत्र रंग फासत नाही, थेंब टाकतं. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले तीन-चार मिळून होईल एवढा एक थेंब. गडद सावलीत हे थेंब एकमेकांना खेटून पडतात आणि कागद पुरता झाकतात. फिक्या रंगात ते विरळ पडतात आणि मधून कागद दिसत राहतो. हल्लीच्या यंत्रांत काळ्याच्या जोडीला फिक्या राखाडी शायाही असतात, म्हणून हे विरळपण डोळ्याला जाणवत नाही, इतकंच. आभाळ, धुकं, चुन्याची भिंत, म्हाताऱ्या माणसाचा गाल, यांत आपण बघतो ते पुष्कळसं कागदच असतं. आणि हा कागद गिरणीत तयार होऊन, लेप लावून, कापून, गुंडाळून, बहुतेक वेळा समुद्र ओलांडून, गोदामात पडून आपल्यापर्यंत आलेला असतो. वाटेत त्याला जे जे झालं ते त्याच्या अंगावर राहतं.

मी पुण्यात हेच काम करते. प्रदर्शनांसाठी, घरांसाठी, कधी एखाद्या संग्रहासाठी रोलवर छायाचित्रं छापून देते. या धंद्यात यंत्राचं कौतुक फार होतं. कागदाकडे डाग दिसेपर्यंत कुणी बघत नाही. आणि डाग दिसला की सगळ्यांची पहिली धाव दोष देण्याकडे असते. कंपनीनं खराब माल पाठवला, कुरिअरवाल्यानं आपटला, हेड गेलं, शाई जुनी आहे. मला या घाईचा मनापासून राग येतो. डाग कुठे आहे, कोणत्या दिशेला लांबट आहे, पुन्हा कुठे उमटला आहे, एवढं शांतपणे बघितलं तरी तो कुठे जन्मला ते बहुतेक वेळा कळतं. प्रत्येक डागाला पत्ता असतो. तो शोधण्याआधी कुणाला शिक्षा करू नये.

एका छायाचित्रकारानं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं धुकं छापायला आणलं होतं. चित्रात खाली कड्याची काळी किनार आणि वर नुसतं धुकं. चव्वेचाळीस इंची रोल, तीनशे दहा जीएसएमचा कॉटन रॅग कागद, म्हणजे जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. छाप टेबलावर पसरला तेव्हा धुक्यात एकाखाली एक अशा काही फिकट, लांबट खुणा दिसल्या. समोरून बघितलं तर नाहीत, मान थोडी तिरकी केली की आहेत. आमच्याकडे काम करणारा मुलगा लगेच म्हणाला, ‘‘ताई, हेड घासलंय.’’ पण हेड घासलं की शाई फरफटते आणि काळपट ओरखडा उरतो. इथे शाई जागच्या जागी होती. दिवे बंद केले, टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला, तेव्हा स्पष्ट दिसलं की ते उथळ पोचे आहेत. शाई नीट पडली होती, जमीनच खचलेली होती.

मग स्टीलची पट्टी घेतली. पहिल्या पोच्यापासून दुसऱ्यापर्यंत चाळीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत चाळीस सेंटिमीटर तीन मिलिमीटर. त्यापुढचं अंतर चाळीसला टेकलेलं. दर खेपेला तीन मिलिमीटर कमी.

हे तीन मिलिमीटर मला या सगळ्या व्यवसायातली फार सुंदर गोष्ट वाटते. गुंडाळलेला कागद उलगडत जातो तसा रोल बारीक होत जातो. एक वेढा सुटला की त्रिज्या कागदाच्या जाडीइतकी कमी होते, आणि परीघ त्याच्या दोन पाय पट कमी होतो. अर्धा मिलिमीटर गुणिले सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. खुणांमधलं अंतर बरोबर तेवढंच घटत होतं. याचा अर्थ एकच निघतो. रोल पूर्ण गुंडाळलेला असताना त्याच्या एका जागी बाहेरून काहीतरी जोरात टेकलं आणि तो दाब एकाखालच्या एका वेढ्यात उतरला. पोळ्यांच्या चवडीवर बोट दाबलं तर वरच्या पोळीला खड्डा पडतो, खालचीला थोडा कमी, त्याखालचीला नुसती चाहूल, तसंच. पुढचे पोचे खरोखरच उथळ होत गेलेले होते. रिकामं खोकं माळ्यावर टाकलेलं होतं. ते उतरवून बघितलं, तर त्याचा एक कोपरा आत गेलेला होता आणि काठापासूनचं अंतरही जुळत होतं.

अंतर ठाऊक झालं की रोल फेकून द्यावा लागत नाही. पोचे काठापासून ठरावीक अंतरावर एकाच उभ्या रांगेत येतात, आणि पुढचा कुठे येणार ते मिलिमीटरमध्ये सांगता येतं. आम्ही पुढच्या काही वेढ्यांवर लहान चित्रं अशी मांडली की सगळे पोचे दोन चित्रांमधल्या कापायच्या पट्टीत गेले. पंधरा मीटरच्या अशा रोलला चाळीसेक वेढे असतात. दाब दहाव्या-बाराव्या वेढ्यापर्यंत विरला. धुकं त्याच्या आतल्या निकोप कागदावर छापलं.

उलटही घडतं. खुणा रोलच्या शेवटाकडे जाताना गडद होत गेल्या तर बोट आतल्या बाजूला दाखवावं. कागदाचं पहिलं टोक पुठ्ठ्याच्या कोरला जिथे चिकटवलेलं असतं तिथे एक पायरी तयार होते. तिच्यावर वेढे चढत जातात आणि प्रत्येकाला ती पायरी आडवी टोचते. म्हणून शेवटचा मीटर-दीड मीटर मोठ्या चित्राला द्यायचा नाही, अशी आमच्याकडे शिस्त आहे. आणि खुणांमधलं अंतर अजिबात बदलत नसेल, दहा सेंटिमीटर म्हणजे दहाच, तर कागदाला विसरा आणि यंत्रातला रूळ शोधा. अंतर भागिले पाय. दहा सेंटिमीटरवर खूण येत असेल तर बत्तीस मिलिमीटर व्यासाच्या कुठल्यातरी रुळावर काहीतरी चिकटलेलं आहे. बहुधा वाळलेल्या शाईचा कण निघतो, ओल्या फडक्यानं सुटणारा.

रेघांचं शास्त्र याहून सोपं आहे, आणि तरी जास्त वाद रेघांवरूनच होतात. हेड कागदाच्या रुंदीत डावी-उजवीकडे धावतं. त्यामुळे बंद पडलेलं नोझल किंवा कागद पुढे सरकण्यातला फरक रुंदीतच आडवा पट्टा उमटवतो. लांबीच्या दिशेनं मीटरच्या मीटर सरळ जाणारी रेघ नोझलची नसते. ती एकतर यंत्रात कागदाला कुठेतरी काहीतरी घासतं आहे म्हणून येते, नाहीतर गिरणीतूनच आलेली असते. कागदावर शाई धरणारा जो अतिसूक्ष्म छिद्रांचा लेप असतो तो फार मोठ्या रुंदीच्या कागदावर एकसलग चढवतात आणि नंतर तो मोठा रोल कापून आपले छोटे रोल करतात. लेप देणाऱ्या फटीत एखादा कण किंवा बुडबुडा अडकला की त्याच्यामागे लेप पातळ पडत जातो, कण सुटेपर्यंत. यंत्र की कागद, हे ठरवायला एक साधी परीक्षा पुरते. रोलचा एक तुकडा कापायचा, फिका राखाडी रंग छापून रेघ कुठे येते ते बघायचं. मग तसाच दुसरा तुकडा, छापायची बाजू तीच ठेवून, मागचं टोक पुढे करून भरायचा. रेघ दुसऱ्या बाजूला गेली तर ती कागदाची. तिथेच राहिली तर यंत्राची. यात मत नावाची गोष्ट उरतच नाही.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण त्यांचं नातं लांबपर्यंत जातं. कॉटन रॅग कागद सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून बनतो. त्याच्या मॅट पृष्ठभागावर आणि कापलेल्या कडांवर सुटे तंतू, लेपाची भुकटी असं काहीबाही बसलेलं असतं. शाई त्या तंतूवर पडते. छपाई होते, चित्र निर्दोष दिसतं, वाळतं, आणि दुसऱ्या दिवशी हात फिरला की तंतू उडतो. त्याच्याखाली शाई गेलेलीच नसते. काळ्या कातळात एक पांढरा टिंब उघडा पडतो. ग्राहक म्हणतो, काल नव्हता. खरंच नव्हता.

ही अडचण कागदाइतकीच जुनी आहे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. जुन्नरचा आणि दौलताबादचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. तो कागद खळ लावून गुळगुळीत दगडानं घोटत असत. घोटल्यानं सुटे तंतू दबतात, छिद्रं मिटतात आणि बोरू अडखळत नाही. पेशवे दफ्तरातल्या रुमालांत मोडीच्या ओळी एवढ्या सलग धावतात, त्यामागे त्या कारागिरांच्या मनगटांची मेहनत आहे. मला त्यांचा हेवा वाटतो, कारण मला माझा कागद घोटता येत नाही. इंकजेटचा लेप सच्छिद्र राहिला तरच थेंब जागच्या जागी मुरतो. तो दाबला की चमक येते आणि शाई पसरते. म्हणून माझ्या हाती उरतो एक रुंद, मऊ केसांचा ब्रश. कागद यंत्रात शिरण्याआधी त्याचं तोंड खाली लोंबतं ठेवून एकाच दिशेनं हलक्या हातानं झाडायचा. मागेपुढे घासायचं नाही, नाहीतर तंतू उठून बसतात. या ब्रशाला दुसरं काम कधी द्यायचं नाही. इतकं केल्यावरही एखादा टिंब येतोच. लहान असेल तर बारीक कुंचल्यानं, जलरंगाच्या फिक्या हातानं तो बुजवता येतो. डार्करूमच्या काळात स्टुडिओत रिटचिंग करणारे हेच करत बसत आणि त्यांच्या कामाला मान होता. पण टिंब माणसाच्या डोळ्यात आला असेल तर मी बुजवत नाही, पुन्हा छापते.

पावसाळा हा वेगळा विषय आहे. जुलैत मुंबई-कोकणात हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. पुण्यातही खिडकी उघडी राहिली तर फार फरक नसतो. या कागदांना चाळीस ते साठ टक्के मानवते. रोल उघडा ठेवला की सगळ्यात आधी त्याच्या दोन्ही कडा ओल पितात. कडा फुगतात, मधला भाग तसाच राहतो, आणि वाढलेल्या लांबीला जागा न मिळाल्यानं कडेला लाटा येतात. हेड आणि कागद यांच्यात अंतर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं. लाटेचा माथा हेडला लागतो आणि डावी-उजवी कड काळी होते. उन्हाळ्यात याच्या उलट, कडा सुकून तंग होतात आणि मधे पोट सुटतं. शिवाय कोरड्या हवेत स्थिर वीज साठून कागद धूळ ओढून घेतो. दोन्ही ऋतूंत लोक आधी यंत्राची सेटिंग बदलायला धावतात. हेड वर उचलता येतं, खालचं सक्शन वाढवता येतं, पण हेड जितकं वर तितका थेंब लांबून पडणार आणि बारीक तपशील सैल होणार. औषध हवेला द्यायचं असतं. छपाईच्या खोलीत आर्द्रतामापक, पावसाळ्यात ओल शोषणारं यंत्र, काम झालं की रोल काढून पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत आणि बाहेरून आलेला रोल खोलीच्या हवेत एक दिवस तसाच बंद. एसीच्या गार खोलीतून रोल थेट दमट हवेत उघडू नये. गार कागदावर दव धरतं.

आता वळणाबद्दल. रोलवरून कापलेला कागद गुंडाळी सोडत नाही, टेबलावर ठेवला की टोकं वर येतात, आणि ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. मी तिला दोष मानत नाही. दोष बाहेरून लागतो किंवा घडताना राहून जातो. वळण हा कागदाचा स्वभाव आहे, तो ज्या अवस्थेत राहिला त्यातून आलेला. शतकानुशतकं कागद सुट्या तावांचाच होता. अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचं पेटंट फ्रान्समध्ये लुई-निकोला रॉबेर यानं घेतलं ते 1799 साली. कलाकृतींच्या इंकजेट छपाईची सुरुवातही रोलवर झालेली नाही. गायक ग्रॅहम नॅश यानं 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला नॅश एडिशन्स हा छापखाना काढला, तिथलं आयरिस 3047 हे यंत्र मुळात छापखान्यांचे नमुना-छाप काढण्यासाठी बनलेलं होतं. त्यात कागदाचा एकेक ताव फिरत्या ढोलावर लपेटत. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्या तावांना लांबीची मर्यादा होती, पण वेढ्यांची स्मृती नव्हती. पुढे रोल आला आणि दहा फुटी डोंगररांग एका सलग कागदावर शक्य झाली. लांबी हवी तर वळण घ्यावं लागतं. तीन इंची कोरवर ते सौम्य असतं, दोन इंचीवर हट्टी. आणि एकाच रोलमध्ये बाहेरचा कागद मोकळा, आतला आवळलेला.

त्याला सरळ करायला वेळ द्यावा. शाई पूर्ण वाळू द्यावी, मग स्वच्छ कागदात घेऊन रुंद नळीवर उलट दिशेनं थोडा वेळच गुंडाळावा, आणि नंतर सपाट वजनाखाली ठेवावा. बॅराइटा कागदाच्या बाबतीत तर घाई मुळीच नको. त्याच्या वरच्या लेपाखाली बेरियम सल्फेटचा थर असतो आणि जोरात उलटा वाकवला तर तो तडकू शकतो. तडकला की तो स्वभाव राहत नाही. तसाच दुसरा मानवी हाताचा डाग म्हणजे मोठा ताव उचलताना अंगठ्याजवळ पडणारा अर्धगोल मोड. तो कधीच जात नाही. म्हणून आमच्याकडे मोठा छाप दोघांनी, समोरासमोरच्या कोपऱ्यांत धरून, मधे झोळ ठेवून उचलायचा असतो, आणि त्या वेळी कुणाचाही फोन वाजला तरी घ्यायचा नसतो.

राहिली कंपनीकडे करायची तक्रार. अनेक जण खराब चित्राचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात, खाली रागाच्या चार ओळी. त्यातून गिरणीला काहीही कळत नाही. कागद बनवणारी माणसंही कारागीर आहेत. त्यांना पत्ता सापडेल असं काहीतरी पाठवायला हवं. आम्ही न छापलेली एक पट्टी आणि फिक्या राखाडीत छापलेली एक पट्टी पाठवतो. दोन्हींच्या मागे पेन्सिलीनं बाण, कागद कोणत्या दिशेनं सुटत होता त्याचा. डावी कड कोणती, डाग तिच्यापासून किती सेंटिमीटरवर, रोलच्या तोंडापासून कितव्या मीटरला सुरू झाला आणि कितव्याला थांबला. सोबत खोक्यावरचा बॅच नंबर आणि आडव्या प्रकाशातला फोटो. एकदा लांबीतली एक पुसट रेघ अशी पाठवली होती. वितरकानं आधी यंत्र तपासून घ्या असं उत्तर दिलं, तेव्हा उलटून भरलेल्या तुकड्याची पट्टीही धाडली. काही आठवड्यांनी गिरणीकडून थेट विचारणा आली. त्यांना रोल बदलून देण्याबद्दल काही बोलायचं नव्हतं. तो बदलून मिळणार हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. त्यांना हवं होतं ते एवढंच, की रेघेची रुंदी सगळीकडे सारखी आहे की सुरुवातीला जाड आणि पुढे निमुळती, आणि उरलेला रोल आम्ही जपून ठेवला आहे का. ठेवला होता. त्या दुपारी आम्ही दोघांनी तो लांबच्या लांब जमिनीवर उलगडला आणि टॉर्च घेऊन रेघेच्या कडेकडेनं मोजत गेलो.